बालाघाटचा कळफलक

पत्रिका गोंदियात जुळवली आणि बालाघाटला छापायची ठरली, की घरातल्या ‘कॉम्प्युटरवाल्या’ भाच्याला फोन येतो. दोन गावांत रेल्वेनं चाळीसेक किलोमीटरचं अंतर, सोयरिकी पिढ्यान्‌पिढ्यांच्या, लिपी दोन्हीकडे देवनागरी. तरीही छापखान्यात फाइल उघडली की वधूवरांच्या नावांच्या जागी रोमन अक्षरं, प्रश्नचिन्हं आणि कंस यांचा ढीग दिसतो. जुळवणाऱ्यानं काम श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये केलेलं असतं आणि छापणाऱ्याकडे कृतिदेव हा वेगळाच फॉन्ट असतो. मुहूर्त तोंडावर आलेला. मामा विचारतात, “अरे, मराठी काय नि हिंदी काय, बाराखडी तर एकच ना? मग अडतं कुठं?”

मामांचा प्रश्न नेमका आहे आणि त्याला तितकंच नेमकं उत्तर द्यायला हवं. तंत्रज्ञानाची हौस असलेल्या माणसाला बालाघाट जिल्ह्यात जे बारीकसारीक वैताग रोज सोसावे लागतात, त्यातले बरेचसे या एका प्रश्नाशी येऊन मिळतात. यंत्राला दिसते ती लिपी, आणि लिपी पाहून ते भाषा ठरवून मोकळं होतं. देवनागरी दिसली की हिंदी, असा त्याचा सरळ हिशेब असतो. भोपाळमध्ये हा हिशेब सहसा चुकत नाही. बालाघाटात तो दिवसातून अनेकदा चुकतो.

कारण हा जिल्हाच जोडकामातून झालेला आहे. इंग्रजांनी १८६७ साली भंडारा, मंडला आणि सिवनी या जिल्ह्यांचे तुकडे एकत्र करून तो बनवला. मुख्य ठिकाणाचं नाव तेव्हा बूढा होतं. नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रांताचा तो भाग होता आणि १९५६च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर-भंडारा एकीकडे गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. भरवेली, उकवा, तिरोडीच्या मँगनीज खाणी चालवणाऱ्या मॉइलचं मुख्यालय मात्र अजून नागपुरातच आहे. इथल्या घराघरांत हिंदी, मराठी, पोवारी चालते, बैहरकडे गोंडी. एकाच घरात आजी पोवारीत बोलते, वडील नागपूरच्या नातेवाइकांना मराठीत लिहितात आणि मुलगा शाळेचा अर्ज हिंदीत भरतो. तिघांची लिपी एक. त्यामुळे संगणकाला तिघंही एकच वाटतात.

आता पत्रिकेकडे येऊ. कृतिदेवच्या फाइलमध्ये ‘बालाघाट’ हा शब्द मुळात नसतोच. तिथे साठवलेल्या असतात आठ रोमन खुणा: धाकटा सी, धाकटा के, धाकटा वाय, पुन्हा के, मग प्रश्नचिन्ह, त्यामागून दोनदा के आणि शेवटी थोरला व्ही. सीच्या जागी फॉन्टनं ब चं चित्र बसवलेलं आहे, केच्या जागी काना, वायच्या जागी ल, थोरल्या व्हीच्या जागी ट. घ दोन तुकड्यांत येतो. प्रश्नचिन्हाच्या जागी दंड नसलेला अर्धा घ, आणि पुढच्या केनं त्याला दंड दिला की तो पूर्ण होतो. त्याच्या पुढचा के हा खरा काना. फॉन्ट बदला, आणि तीच आठ चिन्हं दुसरं काहीतरी दाखवतील. श्रीलिपीची मांडणी वेगळी, शिवाजी नावाच्या फॉन्टची आणखी वेगळी. म्हणून गोंदियाची फाइल बालाघाटच्या फॉन्टमध्ये उघडणं म्हणजे एका गावच्या किल्ल्यांच्या जुडग्यानं दुसऱ्या गावची कुलपं उघडायला जाणं.

अक्षराचे असे तुकडे करण्याची पद्धत टाइपरायटरमधून आली. रेमिंग्टनच्या देवनागरी यंत्रावर कळा मोजक्या, आणि अक्षरं, मात्रा, जोडाक्षरं मिळून आकार शेकड्यांनी. म्हणून ख, घ, थ, ध, भ, श यांची दंडाशिवायची रूपं एकेका कळीवर बसवली आणि दंड वेगळा ठेवला. दोन्ही कामं त्यातच भागली: दंड दिला तर पूर्ण अक्षर, नाही दिला तर जोडाक्षराचा पूर्वार्ध. ही अस्सल कारागिरी आहे. जागेच्या टंचाईतून इतकं सुटसुटीत उत्तर काढणाऱ्यांचं कौतुकच वाटतं. पुढे टाइपरायटर गेले तरी टायपिस्टांची बोटं त्या जागांवर पडलेलीच होती, आणि कृतिदेवनं ती बोटं जशीच्या तशी उचलली. मध्य प्रदेशाच्या सीपीसीटी या संगणक-प्रावीण्य परीक्षेत हिंदी टायपिंगसाठी आजही रेमिंग्टन गेल आणि इन्स्क्रिप्ट असे दोन कळफलक आहेत. कियोस्कवर अर्ज भरून देणारी मुलं रेमिंग्टनवर किती भरभर चालतात हे पाहण्यासारखं असतं.

मग कृतिदेवमधला मजकूर युनिकोड या सार्वत्रिक अक्षरसंकेतात आणताना घोळ कुठे होतो? ‘निर्मिती’ हा शब्द घ्या. टाइपरायटरच्या रीतीनं आपण डोळ्यांना दिसतं त्या क्रमानं टंकतो: आधी पहिली वेलांटी, मग न, मग दुसरी वेलांटी, मग म, त्यावर रफार, मग त आणि दीर्घ वेलांटी. सात कळा. युनिकोड मात्र शब्द उच्चाराच्या क्रमानं साठवतं: न, त्याची वेलांटी, र, हलन्त, म, त्याची वेलांटी, त, दीर्घ वेलांटी. आठ चिन्हं. म्हणजे रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला प्रत्येक ऱ्हस्व वेलांटी उचलून अक्षराच्या मागे न्यावी लागते आणि रफार उचलून पुढे आणावा लागतो. मधे जोडाक्षर असेल तर किती अक्षरं ओलांडायची हेही ठरवावं लागतं. साधा ‘शोधा आणि बदला’ इथे पुरत नाही. रूपांतरित मजकुरात वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसलेली दिसली, तर चूक याच टप्प्यावर झाली आहे असं समजावं. पीडीएफमधून मराठी मजकूर उचलताना होणारी मोडतोडही बहुतेकदा याच जातीची असते. तिथे फाइलमध्ये आकार जपलेले असतात, अक्षरांची ओळख नसते.

उच्चाराच्या क्रमाची कल्पना आपल्याच देशात घडली, आणि ती गोष्ट थोडी रेंगाळून सांगावी अशी आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आयआयटी कानपूरमध्ये देवनागरी संगणकावर काम सुरू झालं. त्यात मोहन तांबे हे महत्त्वाचं नाव. ब्राह्मीपासून निघालेल्या सगळ्या भारतीय लिप्यांची हाडं एकच आहेत, स्वर, व्यंजनं, मात्रा आणि हलन्त, हे त्या कामाचं मर्म होतं. तेव्हा एकच संकेत ठेवावा आणि चित्र तेवढं लिपीनुसार बदलावं. इन्स्क्रिप्ट कळफलक १९८६ साली प्रमाण ठरला: डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, भाषा कुठलीही असो. पुढे हे काम १९८८मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं. तिथलं जिस्ट कार्ड संगणकाच्या आत खोचलं की डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटायची. इस्की हा संकेत १९९१ साली भारतीय मानक झाला, आणि त्याच वर्षी आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीनं देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८च्या मसुद्यावरून घेतली. आज जगातल्या प्रत्येक फोनमध्ये देवनागरीला १२८ जागांचा जो पट्टा आहे, त्याचा साचा कानपूर-पुण्याचा आहे.

साचा आला तरी तो घरच्या संगणकावर चालायला वेळ लागला. २००१च्या विंडोज एक्सपीत भारतीय लिप्यांचा आधार आधीपासून चालू नसायचा. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एका चौकटीत खूण करावी लागे, मग यंत्र मूळ सीडी मागे. ती सीडी दुकानदाराकडे राहिलेली. अशा कित्येक संगणकांवर मराठी मजकूर दिसायचा खरा, पण वेलांटी अक्षराच्या उजवीकडे लोंबत राहायची आणि जोडाक्षरं हलन्तासह सुटी पडायची. खूण केली, सीडी मिळाली, की मंगल या फॉन्टमधली नीटस अक्षरं उभी राहत. तो फॉन्ट र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला. मराठीतले हे सुलेखनकार आणि कवी. त्यांच्या हाताचं वळण देशभरच्या हिंदी कार्यालयांत पोचलं.

इथवरच्या अडचणी हिंदी आणि मराठी दोघांच्या सामाईक. आता खास मराठीच्या.

‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ लिहून पाहा. पहिल्यात सातपुड्यातल्या दऱ्या, दुसऱ्यात समुद्र. पहिल्यातला आडवा अर्धा र हिंदीला लागत नाही. मराठीला लागतो, नेपाळीला लागतो. युनिकोडमध्ये तो लिहिण्याच्या दोन रीती आहेत. एकीत २३५३ क्रमांकाचं ऱ हे अक्षर, मग हलन्त, मग य. हे ऱ मुळात द्राविडी भाषांतला खास र देवनागरीत दाखवण्यासाठी ठेवलेलं. त्याच्या अर्ध्या रूपाला मराठीचं काम दिलं गेलं. दुसऱ्या रीतीत साधा र, हलन्त आणि त्यामागून झिरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं चिन्ह. युनिकोडच्या जुन्या आवृत्तीत ही रीत होती, म्हणून मेळ राहावा यासाठी तीही चालू ठेवली गेली. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी दिसतात. शोधताना मात्र एक दुसरीला ओळखत नाही.

याचा त्रास किती खोल जातो ते लक्षात घ्यायला हवं. मराठीत ‘ऱ्या’ सगळीकडे आहे: दुसऱ्या, शेतकऱ्यांना, पायऱ्या, वाऱ्यावर. घरातल्या जुन्या पत्रांचा संग्रह कुणी हौसेनं टंकून ठेवला, निम्मा संगणकावर इन्स्क्रिप्टनं आणि निम्मा फोनवरच्या एखाद्या कीबोर्डनं, तर ‘शेतकऱ्यांना’ शोधल्यावर अर्धी पत्रं सापडतील आणि अर्धी आहेत हेही कळणार नाही. युनिकोडची ठरलेली प्रमाणीकरणाची प्रक्रिया या दोन रीतींना एकत्र आणत नाही. आपल्यालाच नियम लिहावा लागतो: र, हलन्त, जॉइनर हा क्रम दिसला की त्याजागी ऱ आणि हलन्त घाला. एका ओळीचं काम आहे. मराठी मजकुराचा साठा ठेवणाऱ्या प्रत्येकानं ते पहिल्या दिवशी करावं, असं माझं ठाम मत आहे. इन्स्क्रिप्टवर टंकणाऱ्यांना तर नियमाचीही गरज नाही. जेच्या कळीवर र आहे, शिफ्ट दाबून तीच कळ दाबली की ऱ. एनवर ल, शिफ्टसह ळ.

‘ॲ’ची कथा तशीच, लहान. ॲप, ॲसिड, ॲल्युमिनियम यांतलं हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली ५.१ आवृत्तीत आलं, २४१८व्या जागी. त्याआधी लोक अ लिहून त्यावर चंद्र टाकत. दोन्ही रूपं आजही फिरताहेत आणि यंत्राच्या लेखी ती वेगळीच आहेत.

बालाघाटचा खास वैताग याहून निराळा आहे, आणि तो गावांच्या नावांत दडलेला आहे. परसवाडा हा तालुका घ्या. मराठी माणूस ‘परसवाडा’ लिहितो. सरकारी हिंदीत ड खाली नुक्ता येतो. हा नुक्त्याचा ड युनिकोडमध्ये पुन्हा दोन तऱ्हांनी लिहिता येतो: २३९६व्या जागेचं एकसंध अक्षर, किंवा साधा ड आणि त्यापुढे सुटा नुक्ता. म्हणजे एका तालुक्याची तीन लेखनं झाली, त्यातली दोन तर डोळ्यांना वेगळी दिसतसुद्धा नाहीत. नुक्त्याच्या दोन तऱ्हा प्रमाणीकरणानं एक होतात. तिथे सुटा नुक्ताच प्रमाण मानला आहे. तिसरं लेखन, आपलं मराठी, वेगळंच राहतं, आणि ते राहायलाच हवं, कारण ते चूक नाही. तसंच किरनापुर आणि किरणापूर. कुटुंबाच्या शेतजमिनीची, मतदानाची, शाळेची कागदपत्रं सीमेच्या दोन्ही बाजूंना असतील तर यादीत नाव शोधताना प्रत्येक लेखन वेगवेगळं टाकून पाहावं लागतं. ज्या प्रोग्रामला शोधताना ड आणि नुक्त्याचा ड, न आणि ण, ऱ्हस्व आणि दीर्घ ऊकार यांना सैल धरता येतं, तोच या जिल्ह्यात उपयोगी.

यादीच्या क्रमाचीही गंमत आहे. मराठी वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर येतो. युनिकोडमध्ये ल २३५४ आणि ळ २३५५, शेजारी शेजारी. नुसत्या क्रमांकांवर लावलेल्या यादीत ळ कारी शब्द व च्या आधी येऊन बसतात. प्रोग्रामला भाषा मराठी आहे असं सांगून क्रम लावला तर हे टळतं. न सांगितल्यास तो नुसत्या क्रमांकांवरच चालतो.

भाषा सांगण्याचा हाच मुद्दा अक्षरांच्या वळणालाही लागू आहे. मराठी ल ला दोन पाकळ्या असतात, हिंदी ल चं वळण वेगळं. श चंही तसंच. युनिकोडनं दोघांना एकच क्रमांक दिला, कारण अक्षर एकच आहे. वळण निवडणं हे फॉन्टचं काम, आणि चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं ठेवलेली असतात. मजकुराला मराठी अशी खूण असेल तर मराठी वळण, नसेल तर फॉन्टचं मूळचं, बहुधा हिंदी. महाराष्ट्र शासनानं नोव्हेंबर २०२२च्या निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श यांचा आग्रह धरला. बालाघाटात शासनाचा तो निर्णय लागू नाही, पण वर्डमध्ये मजकूर निवडून त्याची भाषा मराठी करायला कुणाची आडकाठीही नाही. पत्रिकेत आजोबांच्या नावातला ल त्यांनी आयुष्यभर सहीत काढला तसा उमटावा, यासाठी दोन मिनिटं खर्च करणं मला योग्यच वाटतं.

फोनवर हा झगडा रोजचा. कीबोर्ड हिंदीवर असेल तर ‘नाही’ लिहिताना तो ‘नहीं’ सुचवतो, ‘मी’च्या जागी ‘में’ पुढे करतो. उपाय सोपा आहे: सेटिंगमध्ये मराठी ही स्वतंत्र भाषा म्हणून जोडावी आणि लिहिताना स्पेसबारवरून भाषा बदलावी. पोवारी लिहिणाऱ्याला ही वाटही नाही. पोवारीला भाषांच्या आंतरराष्ट्रीय यादीत स्वतःचा संकेत आहे, पण बहुतेक कीबोर्डांत तिचा शब्दसंग्रह नाही. त्यांनी मराठी आणि हिंदी दोन्हींची सुचवणी बंद करून कीबोर्डलाच आपले शब्द शिकवावेत. काही आठवड्यांत तो बऱ्यापैकी वळणावर येतो. बोलून लिहिण्याच्या सोयींचं चित्रही असंच. २०२२ साली सुरू झालेल्या भाषिणी या केंद्र सरकारच्या उपक्रमाचा भर आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांवर आहे. मराठी त्यात आहे. पोवारी आणि गोंडी अनुसूचीत नाहीत.

एसएमएसचा हिशेब मात्र सगळ्यांनाच भरावा लागतो. एका संदेशात १४० बाइट मावतात. इंग्रजी अक्षर सात बिटांत बसतं, म्हणून १६० अक्षरं. देवनागरीचं एकही चिन्ह आलं की पूर्ण संदेश सोळा बिटांवर जातो आणि मर्यादा ७०वर येते. मोजणी चिन्हांची असते. ‘मी वारासिवनीला पोहोचलो’ यात आपल्याला अकरा अक्षरं दिसतात, पण काने-मात्रा-वेलांट्या धरून चिन्हं वीस, वर दोन मोकळ्या जागा. जंगलपट्ट्यात जिथे इंटरनेट टिकत नाही आणि एसएमएस तेवढा जातो, तिथे ही मोजणी अजून कामाची आहे.

हे सगळं सांगितल्यावर या जिल्ह्याच्या एका माणसाचं नाव घ्यायलाच हवं. मुन्शी मंगलसिंह मसराम. बालाघाट जिल्ह्यातल्या या गोंड गृहस्थांनी १९१८ साली गोंडीसाठी स्वतंत्र लिपी तयार केली. २०११च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे ३० लाख लोक होते. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रात ते बहुधा देवनागरीत लिहितात, तेलंगणात तेलुगू लिपीत. मसरामांनी अक्षरांचे आकार कुणाकडून उसने घेतले नाहीत. बांधणी मात्र आपल्या सगळ्या लिप्यांसारखीच ठेवली, व्यंजनात अ धरलेला आणि बाकी स्वरांना मात्रा. टाइपरायटर नाही, छापखान्याचे खिळे नाहीत, अशा काळात एका माणसानं आपल्या भाषेसाठी हे केलं. माझ्या मते बालाघाटच्या तंत्रज्ञानाच्या इतिहासातलं हे सर्वांत मोठं काम आहे.

जून २०१७मध्ये युनिकोडच्या १०.० आवृत्तीत मसराम गोंडी दाखल झाली. तिला ९६ जागांचा पट्टा मिळाला, त्यातल्या ७५ भरल्या आहेत. तिथे ती बसवताना केलेली एक मांडणी मराठी वाचकानं मुद्दाम पाहावी. देवनागरीत हलन्त हे एकच चिन्ह दोन कामं करतं: पाय मोडून दाखवणं आणि जोडाक्षर घडवणं. त्यातूनच न दिसणाऱ्या जॉइनरची गरज पडली आणि ‘ऱ्या’चा घोळ झाला. मसराम गोंडीत या दोन कामांना दोन वेगळी चिन्हं आहेत, आणि रफार व रकार यांनाही स्वतंत्र जागा. पुढच्या वर्षी, ११.० आवृत्तीत, आदिलाबादकडच्या गुंजाळा गावच्या हस्तलिखितांतली दुसरी गोंडी लिपीही आली.

मसराम गोंडी आपल्या संगणकावर पाहायची असेल तर नोतो मालिकेतला तिचा फॉन्ट विनामूल्य मिळतो. तो बसवल्यावर पहिली चाचणी बॅकस्पेसची करावी. या लिपीचं पहिलं अक्षर ७२,९६०व्या जागी आहे, म्हणजे सोळा बिटांत मावणाऱ्या ६५,५३६ जागांच्या पलीकडे. म्हणून ते सोळा बिटांचे दोन तुकडे मिळून साठवलं जातं. जुन्या प्रोग्रामांना हे कळत नाही: ते एका अक्षराला दोन मोजतात, एकदा बॅकस्पेस दाबली की अक्षराचा अर्धा भाग पुसतात आणि मागे एक रिकामी चौकट ठेवतात. एका दाबात पूर्ण अक्षर गेलं, तर तो प्रोग्राम गोंडीसाठी वापरायला हरकत नाही. एसएमएसमध्ये मात्र हाच दुपटीचा हिशेब कायम राहतो, आणि ७० चिन्हांच्या जागी गोंडीची ३५च मावतात.